हिरव्या खुणेचा खरा अर्थ

शाम्पूची बाटली उलटी केली की तळाशी तीन बाणांचा एक त्रिकोण दिसतो आणि त्यात एक आकडा असतो. बहुतेकांना वाटतं, ही बाटली पुन्हा वापरात येणार याची ती हमी आहे. पाकिटांची डिझाइनं करणारे कितीतरी जणही याच समजुतीने ती खूण मागच्या बाजूला बसवतात. प्रत्यक्षात तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पेट, 2 म्हणजे एचडीपीई, 3 म्हणजे पीव्हीसी, 5 म्हणजे पॉलीप्रॉपिलीन आणि 7 म्हणजे ‘इतर’. ती वस्तू आपल्या गावात कोणी गोळा करतं का, तिच्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आसपास आहे का, आणि असला तरी ते काम त्याला परवडतं का, यातलं काहीही ती खूण सांगत नाही.

मूळ चिन्ह तर प्लास्टिकसाठी नव्हतंच. 1970 मध्ये, पहिला वसुंधरा दिन साजरा झाला त्या वर्षी, कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या पुठ्ठा बनवणाऱ्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी चिन्हाची स्पर्धा ठेवली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणारा 23 वर्षांचा गॅरी अँडरसन ती जिंकला. परीक्षकांत सॉल बास यांच्यासारखे दिग्गज डिझायनर होते. एकमेकांमागे वळणारे, दुमडलेल्या पट्टीसारखे तीन बाण पुनर्वापर केलेल्या कागदाची ओळख म्हणून जगभर गेले. पुढे 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने कचरा वेगळा करणाऱ्यांच्या सोयीसाठी आकड्यांची पद्धत आणली आणि आकड्याभोवती तेच परिचित बाण फिरवले. आकडा होता कामगारांसाठी, पण बाण वाचले ग्राहकांनी. घोटाळा लक्षात आल्यावर 2013 मध्ये अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेने बाण काढून त्या जागी साधा भरीव त्रिकोण ठेवला, आणि जी वस्तू खरोखर पुनर्वापरात जात नाही तिच्यावर बाण छापायला मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये केला. तरीही जुने साचे आणि जुन्या फाइल्स चालूच आहेत. ग्राफिक डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ही हकिकत सांगितली गेली पाहिजे, कारण एका उत्तम चिन्हाची भलत्या जागी नेमणूक झाली की ते किती माणसांची किती वर्षं दिशाभूल करतं, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं काही दाखवत नाही.

अशीच दुसरी समजूत तपकिरी रंगाबद्दल आहे. सेंद्रिय गूळ, नाचणीचे लाडू, घरगुती गोडा मसाला अशा मालासाठी हल्ली खाकी क्राफ्ट कागदाची झिपवाली पाकिटं सर्रास वापरतात. खाकी म्हणजे निसर्गाला धरून, हा संदेश कुणी न लिहिताच पोचतो. पण खाकी रंगाचा अर्थ एवढाच की लगदा ब्लीच केलेला नाही. तो पुनर्वापर केलेल्या कागदाचा असेल किंवा थेट नव्या लाकडाचाही असेल. रंगावरून ते कळत नाही. शिवाय यातल्या पुष्कळ पाकिटांना आतून प्लास्टिकचा थर असतो, नाहीतर मसाल्याचा वास टिकणार नाही आणि लाडवांना ओल लागेल. कागद आणि प्लास्टिक असे एकमेकांना चिकटले की कागदवालाही ते घेत नाही आणि प्लास्टिकवालाही. त्यापेक्षा एकाच जातीच्या प्लास्टिकचं साधं, पारदर्शक पाकीट पुन्हा वापरात येण्याची शक्यता जास्त असते, मग दिसायला ते कितीही ‘कमी नैसर्गिक’ वाटो. इथे डिझायनरने क्लायंटला एक प्रश्न विचारायलाच हवा: आतला थर कशाचा आहे?

‘मी फक्त क्लायंटने सांगितलं ते करतो, दाव्याची जबाबदारी त्याची,’ असं या व्यवसायात नेहमी ऐकू येतं. कायदा आता तसं मानत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणाबद्दलच्या फसव्या दाव्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ती उत्पादकाबरोबर जाहिरात संस्थेलाही लागू केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. शब्दांबरोबर फसवी चिन्हं आणि चित्रंही त्यात धरली आहेत. मात्र नुसती रंगसंगती किंवा सर्वसाधारण चित्र दिशाभूल करत नसेल, तर ते ग्रीनवॉशिंगच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. म्हणजे हिरवा रंग आणि कोपऱ्यातलं पान कायद्याच्या सीमेवर उभं आहे. ते कोणत्या बाजूला पडतं, हे बाकीचं पाकीट काय सांगतं यावर ठरतं, आणि ते पाकीट मांडणाऱ्याला हे सगळ्यांत आधी दिसत असतं.

पडद्यावरच्या कामाचंही तेच. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’चे 13 प्रकार नावानिशी नोंदवून त्यांना मनाई केली. विमा किंवा देणगी न विचारता खरेदीच्या टोपलीत टाकणं, सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवून ठेवणं, खोटी घाई दाखवणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला शरम वाटेल असं वाक्य बटणावर लिहिणं. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी बसून, रंग आणि अंतर मोजून, मुद्दाम मांडलेली असते. वयस्कर माणसं आणि नव्याने स्मार्टफोन हाती आलेली माणसं त्यात सर्वाधिक अडकतात, म्हणूनच हा नुसता सोयीचा मुद्दा नाही.

हे नैतिकतेचं बोलणं अलीकडचं फॅड आहे, असाही एक समज आहे. लंडनमध्ये केन गारलँड या डिझायनरने ‘फर्स्ट थिंग्ज फर्स्ट’ हा जाहीरनामा 1964 मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि त्याच्यासह 22 जणांनी त्यावर सही केली होती. तो जाहिरातीच्या विरोधात होता असं सांगितलं जातं, तेही बरोबर नाही. जाहिरात बंद करा अशी मागणी त्यात नव्हती. पाठ्यपुस्तकं, रस्त्यावरच्या पाट्या, वैज्ञानिक प्रकाशनं यांच्याकडे कौशल्य आधी वळावं, एवढाच प्राधान्यक्रमाचा आग्रह होता.

काही उपाय ऐकायला सोपे वाटतात, पण तपासले की हाती फारसं लागत नाही. सरकारने फॉन्ट बदलून गॅरामाँड वापरला तर शाईचे कोट्यवधी डॉलर वाचतील, असा हिशेब 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने मांडला आणि तो जगभर गाजला. मुलाची जिद्द कौतुकाचीच होती. पण जाणकारांनी दाखवून दिलं की त्याच पॉइंट साइझला गॅरामाँडची अक्षरं मुळातच लहान दिसतात. बचत होते ती अक्षर लहान झाल्यामुळे, आणि त्याची किंमत वाचणाऱ्याचे डोळे मोजतात. डार्क मोडमुळे वीज वाचते, हेही अर्धंच खरं. जुन्या एलसीडी पडद्यामागचा दिवा काळ्या पानालाही जळतच राहतो. ओएलईडी पडद्यावर फरक पडतो, पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासानुसार नेहमीच्या 30 ते 50 टक्के उजेडात ही बचत सरासरी 3 ते 9 टक्क्यांचीच असते.

महाराष्ट्रात या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न चौकाचौकात टांगलेला आहे. वाढदिवस, निवड, नियुक्ती, उत्सव, श्रद्धांजली, सगळ्याला फ्लेक्स. बेकायदा होर्डिंग आणि फलकांवर कारवाई करा, असे सविस्तर आदेश मुंबई उच्च न्यायालयाने साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर जानेवारी 2017 मध्ये राज्यभरातल्या महापालिका-नगरपालिकांना दिले. चर्चा मात्र परवाना आणि विद्रूपीकरण एवढ्यावरच थांबते. फ्लेक्स म्हणजे काय, हे क्वचित विचारलं जातं. पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर, म्हणजे बाटलीच्या तळाचा तोच 3 आकडा, आणि त्यावर शाई. हे थर सोडवणं अवघड, म्हणून पुनर्वापर नगण्य. जाळलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं. ‘पावसाळ्यात गरिबांच्या छपरावर उपयोगी पडतो की,’ हे उत्तर हमखास मिळतं. पडतो, हे खरं आहे. पण एक-दोन पावसाळ्यांत तो चिरफाळतो आणि कचऱ्यातच जातो, तेही ज्यांच्या वस्तीत कचरागाडी सगळ्यांत कमी वेळा येते त्यांच्या दारात.

दुसरं काही परवडत नाही, हा समजही तपासायला हवा. फ्लेक्स स्वस्त वाटतो तो एकदाच वापरायचा म्हणून. मंडळाच्या कमानीवर वर्ष आणि कार्यकारिणीची नावं छापली नाहीत, तर सुती कापडावरचा तोच फलक पुढच्या वर्षीही लागतो. पाच वर्षांत पाच फ्लेक्स आणि एक कापड, असा हिशेब कार्यकर्त्यांसमोर मांडण्याचं काम डिझायनरचंच आहे, कारण नावं कुठे बसवायची हे त्यालाच विचारलं जातं.

कागदावरच्या छपाईत शाईपेक्षा आणि फॉन्टपेक्षा मोठा फरक मापाने पडतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. लहान पत्रिका म्हणजे कमी कागद, असं वाटतं. छापखान्यात नेहमी मिळणारा 23 बाय 36 इंचांचा ताव घ्या. साडेआठ बाय अकरा इंचांचे त्यातून आठ तुकडे निघतात. साडेआठ इंचांची चौरस लग्नपत्रिका केली, तरी आठच निघतात. पत्रिका लहान झाली, कागद तेवढाच लागला आणि तावाचा सुमारे 30 टक्के भाग कटिंगमध्ये गेला. वर प्लास्टिकचं लॅमिनेशन चढवलं, तर उरलेल्या 70 टक्क्यांचाही चांगला लगदा होत नाही. चौरसच हवी असेल, तर बाजूला उरणाऱ्या सहा इंचांच्या पट्टीत पुस्तकखुणा किंवा आभारपत्रं त्याच प्लेटवर बसतात. पण ती जागा मांडणीच्या वेळीच धरलेली असावी लागते. म्हणून तावाचं माप पहिली रेघ ओढण्याआधी छापखान्याला विचारायचं असतं.