पाण्याखालची तपकिरी रेषा

भीमा नदीवरचं उजनी धरण शंभर टक्के भरतं तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते. हा अडनिडा आकडा कुठून आला? फुटांत करून पाहा. बरोबर १,६३० भरतात!

आता धरणाआधीची, इंचाला मैल प्रमाणाची टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचा भूरूपदर्शक नकाशा, टेबलावर पसरा. तिच्यावर तपकिरी समोच्च रेषा असतात, दर ५० फूट उंचीला एक. १,६०० आणि १,६५० या दोन रेषांमध्ये, निम्म्याहून किंचित वर, पेन्सिल फिरवत न्या. नकाशात कोरडी असलेली ही वाट म्हणजेच आजचा काठ.

पेन्सिल फिरवताना जाणवतं की भीमेकाठी या रेषा एकमेकींपासून फार दूर आहेत. म्हणजे उतार जेमतेम. कोयनेच्या दरीत त्या खेटून असतात, म्हणून तिथं पाणी खोल साठतं. इथं ते पसरतं, उथळ राहतं आणि उन्हाळ्यात भराभर वाफ होऊन जातं. याच उथळपणामुळे भिगवणला रोहित पक्षी चिखल चाळत उभे दिसतात.

पेन्सिलीच्या आत पिवळा रंग दिसतो, ती काठाची शेतं. लाल ठिपके म्हणजे घरं. जुनं पळसदेव गाव याच रेषेच्या आत होतं. उजनी 'मायनस'मध्ये गेली, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं, की तिथलं मंदिर उघडं पडतं आणि आसपास गाळपेर, म्हणजे उघड्या गाळावरची पेरणी, सुरू होते. नकाशात डिकसळचा ब्रिटिशकालीन पूलही शोधा. आधी त्यावरून रेल्वे जायची. धरणामुळे रूळ दुसरीकडे गेले आणि पूल रस्त्यावरच्या वाहनांना मिळाला.

नकाशाला न कळणाऱ्या गोष्टीही बऱ्याच. पिवळ्या रंगावरून शेत होतं एवढंच समजतं. ज्वारी होती की हरभरा, जमीन कुणाची, मोबदला काय मिळाला, हे नाही. काठावर आज दिसणारा ऊस तर त्यात असणं शक्यच नाही. तो धरणाच्या पाण्यावर आला.

आपल्या गावाची जुनी टोपोशीट मिळाली तर आधी समासातलं सर्वेक्षणाचं वर्ष वाचा. छपाईच्या वर्षावर जाऊ नका. पाहणी आणि छपाई यांत कित्येकदा बरीच वर्षं गेलेली असतात. मग ती शीट घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसापुढे ठेवा.