डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीत दोष निघाला? हे करा

परभणीकरांनो, गाडी घरी आणली आणि आठवड्यात इंजिन तापू लागलं, तर ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ हे ऐकून गप्प बसू नका.

१. बाहेरच्या मेकॅनिककडून दोष लेखी घ्या, फोटो काढा.

२. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाचे डाग दिसले, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून पाहा.

३. डीलरला स्पीड पोस्टानं कळवा : दोष काय, दुरुस्ती हवी की पैसे परत, मुदत किती.

४. दाद मिळाली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मग परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार डीलर पुण्याचा असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. मुदत २ वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणि घेण्याआधीच : १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मागा. तोंडी ‘गॅरंटी’ बिलावर लिहून घ्या. लिहून देत नसेल, तर त्या डीलरकडून गाडी घेऊ नका.