पाण्याचे कार्ड कोणत्या रंगाचे?

शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास दूरदूरहून भाविक येतात. त्यामुळे गावच्या पाण्यावर केवळ ग्रामस्थांचेच आरोग्य अवलंबून नाही. आपल्या ग्रामपंचायतीस या पाण्याबद्दल कोणते कार्ड मिळाले आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जलस्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. ते पाहण्यास मागावे. त्यात संकोच कसला?

घरच्या नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे. जलसुरक्षकाने ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळी छटा उमटली नाही, तर पाणी उकळूनच प्यावे.

नायट्रेटची गोष्ट मात्र निराळी. खते व मैला यांतून ते झिरपत भूजलात उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळल्याने ते घटत नाही; पाणी आटते तसे उलट दाटते. बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने क्षीण होते व ओठ निळसर पडू लागतात. म्हणून बोअरचे पाणी बाळाच्या दुधात कालवण्यापूर्वी ते प्रयोगशाळेतून तपासून आणावे. तोवर दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचेच पाणी वापरावे.