विजेची मोटार : एक जमाखर्च

विजेवर चालणारी मोटार ही काही अगदी नवी वस्तू नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरांत अशा मोटारी रस्तोरस्ती दिसत. आपल्या कर्नाटकातही बेंगळूरच्या 'रेवा' या चिमुकल्या गाडीने 2001 साली हा प्रयोग केला होता. परंतु भालकी, औराद, बसवकल्याण या आपल्या भागात तिच्याविषयी घरोघरी चर्चा होऊ लागली ती अलीकडे, आणि ती चर्चा बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : ही गाडी परवडते काय?

माझे काका शिक्षक आहेत. ते भालकीस राहतात आणि शाळेसाठी रोज बीदरला जातात. जाऊन-येऊन सुमारे 80 किलोमीटर. वर्षाचे 220 दिवस धरले तर 17,600 किलोमीटर होतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला वही घेऊन बसविले व म्हणाले, "जाहिराती बाजूला ठेव. आपण आपला हिशेब मांडू."

आम्ही काही आकडे गृहीत धरले. पेट्रोल लिटरला 100 रुपये, आणि गाडी लिटरमागे 16 किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला सव्वासहा रुपये. वीज युनिटला 7 रुपये. चार्जिंग करताना थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून भिंतीतून घेतलेल्या एका युनिटास 6 किलोमीटरच धरले. खर्च सुमारे 1 रुपया 17 पैसे. (कारखानदार छापतात तो पल्ला प्रयोगशाळेतला असतो, कलबुरगीच्या वैशाखातला, थंड हवेचे यंत्र चालू ठेवून मोजलेला नव्हे.) किलोमीटरला सुमारे 5 रुपये वाचले, म्हणजे वर्षाला 88,000. काकांची मुद्रा प्रसन्न झाली.

पण वही येथे मिटता येत नाही. तशाच आकाराच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेची गाडी 3 लाखांनी महाग आहे असे धरले. विजेच्या गाडीवर 2019 पासून वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे खरा. परंतु सप्टेंबर 2025 मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्याही स्वस्त झाल्या. हे जादा 3 लाख कर्जाऊ घ्यावयाचे तर 9 टक्क्यांनी पहिल्याच वर्षी 27,000 रुपये व्याज होते.

दुसरी गोष्ट मला काकूंनी दाखविली. 2023 पासून राज्य शासनाच्या 'गृहज्योती' योजनेत घरचे वीजबिल शून्य येते. पण महिन्याचा वापर 200 युनिटांपलीकडे गेला की संपूर्ण बिल भरावे लागते. काकूंच्या घरी 90 युनिटे लागतात. मोटारीची दरमहा सुमारे 245 युनिटे त्याच मीटरवर आली की एकूण 335 होतात. आजवर फुकट मिळणाऱ्या 90 युनिटांचेही मग पैसे! महिन्याला 630, वर्षाला 7,560 रुपये. हा खर्च कोणत्याही विक्रेत्याच्या कागदावर नसतो.

तेल बदलणे, गाळण्या बदलणे हा खर्च विजेच्या गाडीत नाही. विमा मात्र किंमतीमुळे चढा असू शकतो. ही दोन्ही आम्ही एकमेकांत फेडून टाकली. निव्वळ बचत वर्षाला सुमारे 80,000 राहिली. व्याजासह ते 3 लाख फिटावयास पाचवे वर्ष सरत येते. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर देतात. काकांची 8 वर्षांची धाव 1,40,800 किलोमीटर होते, म्हणजे हमीच्या आतच.

शेजारचे आडतव्यापारी मात्र वर्षाला जेमतेम 5,000 किलोमीटर फिरतात. त्यांची बचत 25,000 आणि व्याज 27,000! त्यांचे मुद्दल कधीच फिटावयाचे नाही. तेव्हा धुराविषयी किंवा हौसेपोटी त्यांनी ही गाडी घ्यावी, पैशांसाठी घेऊ नये.

रोजच्या धावेसाठी रात्री घरच्या 15 अँपिअरच्या जोडणीवर चार-साडेचार तास पुरतात. भूसंपर्काची तार मात्र नीट हवी. जुन्या वाड्यांत ती पुष्कळदा नसते. हैदराबादला जाऊन यावयाचे तर लहान गाडीला वाटेत थांबावेच लागते, आणि तेथील वेगवान चार्जिंगला युनिटास 20 रुपये पडले तर किलोमीटरमागची बचत 3 रुपयांहूनही खाली येते.

सगळे जुळले असे वाटत असतानाच काकांनी वहीत एक ओळ लिहिली : "नोकरीची वर्षे शिल्लक : सहा. बदली?" भालकीतच बदली झाली तर रोजचे 80 किलोमीटर उरणार नाहीत, आणि काकाही त्या आडतव्यापाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसतील. बीदरची शाळा कायम राहिली तर सहाव्या वर्षी हाती काही उरेल. बदल्यांची यादी निघेपर्यंत त्यांनी ती वही कपाटात ठेवली आहे, आणि सकाळी साडेआठची बस चुकू नये म्हणून ते अजूनही घाईनेच घराबाहेर पडतात. जुनी गाडी फक्त पावसाळ्यात काढतात.

"अरे, मग हिशेबात पेट्रोलऐवजी बसचे भाडे का धरले नाहीस?" असे परवा काकूंनी विचारले. तो हिशेब आता नव्याने मांडावयाचा आहे.