भट्टीचा लहानसा चाकर

उधना, पांडेसरा, सचिन ही सुरतेकडील नावे खानदेशातील घरांना परकी राहिलेली नाहीत. तेथील कापडाच्या कारखान्यांत आपली कितीतरी मुले राबतात. पॉलिएस्टरचे कापड १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेतून नेल्यावाचून त्याला स्थिर आकार येत नाही. म्हणून तेथे भट्ट्या धगधगत असतात. तेलावर वा वायूवर चालणाऱ्या भट्टीची ज्योत पेटविणाऱ्या आणि विझविणाऱ्या यंत्रणेतील एक लहानसा चाकर म्हणजे रिले.

त्याची रचना साधी आहे. तारेच्या वेटोळ्यातून अल्प प्रवाह गेला की ते लोहचुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढली जाते आणि दोन स्पर्शबिंदू जुळून मोठा प्रवाह सुरू होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी ही युक्ती १८३५ च्या सुमारास योजिली.

हा चाकर दोन परींनी दगा देतो. कधी भट्टी पेटतच नाही. तेव्हा जाणत्या वीजतंत्र्याने मीटर लावून वेटोळ्याला विजेचा दाब मिळतो की नाही ते पाहावे. दाब नसेल, तर दोष बहुधा फ्यूज, सैल तार किंवा उष्णतामापक यांत असतो. दाब असूनही खटका वाजत नसेल, तर वेटोळे जळाले असण्याचा संभव आहे. खटका वाजूनही प्रवाह पुढे जात नसेल, तर स्पर्शबिंदू काजळले असावेत. वीज पूर्ण तोडून त्याच क्षमतेचा नवा रिले बसवावा. स्पर्शबिंदू कानशीने घासू नयेत, त्यांवरील चांदीचा पातळ थर निघून जातो.

दुसरा दगा प्राणघातक ठरू शकतो. ठिणग्यांनी वितळून स्पर्शबिंदू एकमेकांस चिकटतात. मग विझण्याची आज्ञा होऊनही ज्योत विझत नाही. अशा प्रसंगासाठीच मर्यादेपलीकडे उष्णता जाताच इंधन तोडणारी निराळी संरक्षक यंत्रणा ठेवलेली असते. पण तिच्यामुळे काम खोळंबते, म्हणून तारेचा तुकडा जोडून तिला निकामी करण्याचा मोह माणसाला होतो. ‘एवढी पाळी निभावू दे,’ असे वरिष्ठ म्हणाले, तरी ते करू नये. ती तार शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या जिवाशी खेळते.

१९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. श्रम पवित्र आहे. परंतु श्रमिकाचा प्राण कापडाच्या ताग्याहून मोलाचा आहे. मुलगा सुट्टीवर घरी आला की आपण पगार विचारतो. आईबापांनो, आणखी एक प्रश्न विचारा: ‘बाळा, तुमच्या भट्टीची संरक्षक यंत्रणा चालू आहे ना?’