एकास सोळा

सहा सोळे शहाण्णव. एवढा पाढा येत असला की रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याची पहिली खोट पकडता येते. बाजारातली ही मॉडेलं बहुधा १:१६ प्रमाणातली असतात आणि त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांच्या तोफेतून सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी उडते. म्हणजे नळीचं भोक निदान सहा मिलिमीटर हवंच. खऱ्या शर्मन रणगाड्याची तोफ ७५ मिलिमीटरची. तिचा सोळावा हिस्सा पावणेपाचच्याही किंचित आत. गोळी उडावी म्हणून कारखान्याने शर्मनला परस्पर ९६ मिलिमीटरची तोफ बहाल केलेली असते. जर्मन टायगरची तोफ ८८ची, तिथे ही लबाडी खपून जाते. शर्मनच्या तोंडावर मात्र ती नळी पाहताक्षणी खटकते.

मग गोळीची यंत्रणा काढून टाकायची आणि पितळेची नळी बसवायची. पनवेलकराला यासाठी लांब जावं लागत नाही. कळंबोलीचा लोखंडबाजार हाकेच्या अंतरावर आणि तळोजा एमआयडीसीच्या आसपास लेथवाले भरपूर. अडचण एवढीच, की शेकड्याने नग काढणाऱ्या माणसाला एकच, तोही वितभर लांबीचा नग कातून हवा, हे पटवावं लागतं. निमुळतेपणाचं माप कागदावर काढून नेलं तर काम होतं. तोंडी सांगितलं तर हमखास सरळ दांडा हातात पडतो.

पण नळी कातायला टाकण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: रणगाडा कोणता? ‘शर्मन’ किंवा ‘सेंच्युरियन’ हे उत्तर पुरत नाही. कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या रेजिमेंटचा, कोणत्या दिवशीचा, इथवर जावं लागतं. हे न ठरवता सुटे भाग मागवत सुटलेल्यांची कपाटं भरतात, रणगाडा होत नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याला ही निवड सोपी आहे, कारण नमुना आपल्याच राज्यात उभा आहे. अहिल्यानगरच्या आर्मर्ड कॉर्प्स सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन जपून ठेवला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याच रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१, रेजिमेंट १७ पूना हॉर्स. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. याच पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये सेंच्युरियनवरच लढले आणि तेही मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. ही रेजिमेंट मुळात १८१७ साली, दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या पुणे तहातून उभी राहिली. इतकी जवळची गोष्ट असताना आपल्याकडचे छांदिष्ट टायगर आणि पँथरवरच का जीव टाकतात, हे मला कळत नाही. अर्थात संच त्यांचेच जास्त निघतात, हे एक उत्तर आहेच.

अहिल्यानगरलाच १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पनवेलहून द्रुतगती महामार्गाने पुणे आणि पुढे शिरूरमार्गे गेलं, की शर्मन, चर्चिल, व्हॅलेंटाइन, पॅटन, विजयंता अशी सगळी मंडळी मोकळ्या मैदानात भेटतात. मॉडेलवाल्याने तिथे समोरून फोटो काढण्यात वेळ घालवू नये, ते सगळीकडे मिळतात. काढावेत ते मागच्या टोकाचे, पोटाखालचे आणि जोडांचे. पोलाद ओतून केलेल्या भागाचा खडबडीतपणा आणि वेल्डिंगचा उंचवटा छापील नकाशात दिसत नाही. रंगावर मात्र तिथे विश्वास ठेवू नये. उघड्यावर उभ्या असलेल्या लोखंडाला टिकण्यासाठी रंग द्यावाच लागतो. तो आजचा रंग असतो, १९७१चा नव्हे.

जपानच्या टामिया कंपनीने १:१६ मध्ये सेंच्युरियनचा संच काढला आहे, पण तो मार्क ३. भारताकडचे सेंच्युरियन प्रामुख्याने पुढच्या आवृत्त्यांचे, त्यात मार्क ७ ठळक. मार्क ३च्या सुरुवातीच्या तोफेची नळी गुळगुळीत असते. नंतरच्या नळीवर मध्यावर एक फुगवटा येतो. गोळा सुटल्यावर उरलेला धूर बुरुजात न येता नळीच्या तोंडावाटे बाहेर जावा, म्हणून ती सोय. वीस पाउंडी म्हणून ओळखली जाणारी ही तोफ सुमारे ८४ मिलिमीटरची. सोळाने भागलं की भोक सव्वापाच मिलिमीटरचं. फुगवटा त्याच नळीवर कातून घ्यावा, नंतर चिकटवलेला तिरका बसतो. दुसरा बदल मागच्या बाजूला. मार्क ७ मध्ये इंजिनावरच्या झाकणांची मांडणी बदलली. तेवढा भाग कापून एक मिलिमीटरच्या स्टायरीन शीटमधून नव्याने करावा लागतो. महागड्या संचाला करवत लावताना हात कापतो, पण या एका कामाने मार्क ३चा मार्क ७ जितका होतो, तितका दहा सुट्या भागांनी होत नाही.

महागडा म्हणजे किती, हे सांगण्यात अर्थ नाही, कारण किंमत दुकानापेक्षा सीमाशुल्कावर ठरते. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. न्हावाशेव्याचे कंटेनर रात्रंदिवस आपल्या दारावरून जातात, आणि त्यातलाच एखादा खोका घरी यायला दुप्पट पैसे मागतो! म्हणून अनेकजण चिनी बनावटीच्या स्वस्त शर्मनवर हात साफ करतात. सुरुवातीला तेच शहाणपणाचं.

ओतीव पोलादाचा पोत आणायला परदेशी पुट्टी लागते, असा एक गैरसमज आहे. साधं एम-सील पुरतं. दोन्ही गोळे मळून बुरुजावर पातळ थर द्यायचा आणि ओला असतानाच जुन्या टूथब्रशने टोचत जायचं. टोचायचं, घासायचं नाही. घासलं की रेघा उठतात. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की उंचवट्यांची टोकं तेवढी बसतात आणि खड्डे राहतात. सेंच्युरियनचा बुरूज ओतीव, पण त्याचं छप्पर सपाट पत्र्याचं, वेल्ड केलेलं. तिथे ब्रश थांबवायचा. वेल्डिंगसाठी त्याच एम-सीलची कापसाच्या वातीसारखी बारीक वळी करून सांध्यात बसवायची आणि कटरच्या बोथट टोकाने जवळजवळ दाबत जायचं. प्रमाण इथेही विसरायचं नाही: दोन मिलिमीटर जाड वळी म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ३२ मिलिमीटरचं वेल्डिंग.

इथपर्यंतचं काम काचेच्या कपाटातल्या मॉडेललाही लागू आहे. रिमोटचा रणगाडा चालतो, आणि माझ्या मते त्याचा हुबेहूबपणा पहिल्यांदा चालीत तपासावा, रिव्हेट नंतर मोजावेत. नेमकं उलट होतं. महिनोन्‌महिने खपून सजवलेला रणगाडा बटण दाबताच उंदरासारखा पळतो आणि सगळं मुसळ केरात.

याचं कारण वजनात आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाव्या हिश्श्याला आल्या की वजन ४,०९६व्या हिश्श्यावर येतं. सुमारे ५२ टनांचा सेंच्युरियन या हिशेबाने साडेबारा किलोच्या आसपास भरायला हवा. मॉडेल चार-पाच किलोंचं असतं. म्हणून तळाला शिसं भरतात. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या उरण-करंजाच्या बाजूला मिळतात. त्या शक्य तितक्या खाली, दोन्ही बाजूंना समान ठेवायच्या आणि हात साबणाने धुवायचे. साडेबारा किलोंचा हट्ट मात्र धरू नये. गिअर प्लास्टिकचे असतील तर दाते उडतील. आधी पोलादी गिअर, मग वजन.

वेगाचं गणित सोपं. सेंच्युरियन ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास धावायचा. सोळावा हिस्सा म्हणजे सेकंदाला साठ सेंटिमीटर. दहा फुटांची खोली पार करायला पाच सेकंद लागले पाहिजेत, तेही पूर्ण वेगात. खरा पेच पुढे आहे. गुरुत्वाकर्षणाला प्रमाण लावता येत नाही. सोळापट लहान वस्तू डुलते ती चौपट घाईने, कारण डुलण्याचा काळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. सिनेमावाले यावर मात करतात ती कॅमेऱ्यात: सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं घेऊन ती नेहमीच्या वेगाने दाखवायची. (पुन्हा ९६, पण हा निव्वळ योगायोग.) आपल्या डोळ्यांना ही सोय नाही. म्हणून सस्पेन्शनमध्ये घट्ट सिलिकॉन तेल घालून डुलणं मंद करायचं आणि मोटरच्या नियंत्रकात वेग हळूहळू चढेल-उतरेल अशी मांडणी करायची. थांबताना नाक किंचित खाली जाऊन सावकाश वर आलं पाहिजे.

सेंच्युरियनची आणखी एक खोड होती. चालता चालता नेम धरता यावा म्हणून मार्क ३ पासून त्याच्या तोफेला स्थिरकारी यंत्रणा होती. गाडी खड्ड्यात गेली तरी नळी लक्ष्यावरून ढळू नये, हा उद्देश. मॉडेलमध्ये छोटा जायरो आणि सर्वो जोडून हे साधतं. सोसायटीच्या पोरांनी केलेल्या दिवाळीच्या किल्ल्यावर असा रणगाडा चढवून पाहा. खालचं धड वरखाली होतं आणि नळी क्षितिजाला धरून राहते. मावळा दरवाजापेक्षा उंच आणि शेजारी सेंच्युरियन, हा इतिहासाचा गोंधळ पोरं खपवून घेतात.

काही खोटी खेळाच्या सोयीसाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात. लुटुपुटूच्या लढाईसाठी बुरुजावर इन्फ्रारेड किरण टिपणारं एक बोंडूक बसवतात. ते लोहचुंबकावर ठेवावं, म्हणजे खेळ संपला की उचलता येतं. जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या संचांची लांब तार बुरुजावरच्या अँटेनात लपवायची पद्धत होती. आताच्या २.४ गिगाहर्ट्‌झला बोटभर तार पुरते, मात्र ती धातूच्या बंद पेटीत कोंडली तर रणगाडा अर्ध्या गच्चीतच ऐकेनासा होतो.

रंगासाठी पेणच्या मूर्तिकारांकडे पाहावं. मोठ्या भागावर स्प्रे, कडांना हात, आणि एकावर एक पातळ थर, ही त्यांची शिस्त रणगाड्यालाही लागते. चिखलाच्या बाबतीत पनवेलकर हमखास फसतो. अंगणातली तांबूस माती चाळून पट्ट्यांना फासली की रणगाडा कोकणात लढून आल्यासारखा दिसतो. बसंतरचं खोरं शकरगडच्या गाळाच्या मैदानात; तिथली धूळ फिकट, करडी-पिवळसर. डिसेंबरातला नदीपात्राचा ओला गाळ गडद, आणि सुकत आला की कडांना फिकट. दोन्ही छटा लागतात. ओली खाली चाकांपाशी, कोरडी वर बाजूच्या पत्र्यांवर. पट्ट्यांचा वरचा भाग त्या पत्र्यांआड झाकला जातो, म्हणून तिथे धातूच्या महाग पट्ट्यांचा झोल दाखवण्यात पैसे घालवू नयेत.

राहता राहिला माणूस. संचातला कमांडर ब्रिटिश असतो, चेहऱ्याने आणि गणवेशानेही. पाच फूट आठ इंचांचा माणूस या प्रमाणात पावणेअकरा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे चेहरा नीट दिसण्याइतका मोठा. नवा चेहरा एम-सीलमध्ये कोरता येतो. खेतरपालांचे फोटो उपलब्ध आहेत, पण हुबेहूब त्यांचाच चेहरा करण्याच्या फंदात मी पडणार नाही. डोक्यावर हेडसेट, कानाशी एक हात आणि मान झाकणाच्या आत अर्धी बुडालेली एवढं पुरे. बाजूच्या पत्र्यावर ‘फामागुस्ता’ लिहायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. लिहायचं असेल तर अक्षरांची उंची आणि जागा फोटोवरून मोजून घ्यावी, आणि स्टेन्सिल कापण्याआधी ती पुन्हा सोळाने भागून पाहावी.