जुन्या पिकअपची चासी: आधी गंज, मग रंग

ठाणे-डोंबिवलीच्या खाडीकाठच्या दमट हवेत जुन्या टाटामोबाइलची चासी आतून सडते. जोडांच्या फटींत चिखल साचतो, ओल धरतो. त्यावर नुसता काळा रंग मारणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! प्रेशरने धुवा, ग्रीस काढा, धातू उघडा होईपर्यंत वायर ब्रश फिरवा. थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, कारण पावसाळ्यात उघडं लोखंड रात्रीत तांबूस होतं.

‘पावडर कोटिंग जास्त टिकतं,’ असं म्हणतात. टिकतं, पण बंद पोकळीत नीट पोचत नाही आणि टवका उडाला की पाणी खाली शिरतं. इपॉक्सीची डागडुजी घरी होते. पोकळीत मेण फवारा, निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा. कोरलेल्या चासी नंबरावर मात्र ग्राइंडर फिरवू नका. आरटीओत तोच तपासतात.